चाकशुद्धीचे शास्त्र : खास बऱ्हाणपूरच्या वाहनधारकांसाठी

इंदूर–इच्छापूर रस्त्याने आलेली गाडी बऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्यापाशी थांबली की मालक खाली उतरतो, बायकोमुले उतरली का ते न पाहता गाडीभोवती एक फेरी मारतो आणि पुढच्या चाकाशी उकिडवा बसतो. दारावरचा ओरखडा त्याला आठवडाभराने दिसेल. अलॉय व्हीलवरचा तपकिरी डाग मात्र त्याला बहुधा गाडी चालवतानाच दिसत असावा. ह्या चाकांपायी त्याने वरचे मॉडेल घेतलेले असते आणि घरी कारण सांगितलेले असते एअरबॅगचे. अशा गृहस्थांसाठी पुढील मार्गदर्शन आहे. ते कोणत्याही राजपत्रात प्रसिद्ध झालेले नाही, तरी पाळण्यास हरकत नाही.

सर्वप्रथम डागाची जात ओळखावी. ‘माती आहे, पाण्याने जाईल’ हे निदान घरातली वडीलधारी मंडळी ओट्यावरून न उठता करतात आणि ते बहुतेक वेळा चुकते. माती चारही चाकांना सारखी लागते. तपकिरी डाग मात्र पुढच्या दोन चाकांवर जास्त, ह्यात मातीचा काय स्वार्थ? कारण सरळ आहे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचे बरेचसे काम पुढच्या ब्रेकांना करावे लागते. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांना पुढे उघड्या डिस्क असतात आणि मागे झाकलेले ड्रम, त्यामुळे मागची भुकटी बरीचशी आतच राहते. डिस्क बिडाची. तिच्यावर पॅड घासला की लोखंडाचे बारीक, तापलेले कण उडतात, त्यांच्यासोबत पॅडमधले ग्राफाइट आणि राळ. हे कण चाकाच्या वार्निशात रुतून बसतात आणि तिथेच गंजतात. इंदूरहून निघून भेरूघाट उतरताना जो पायाने ब्रेक दाबत येतो, त्याच्या चाकावर हा सगळा इतिहास लिहिलेला असतो. जो खालच्या गिअरमध्ये उतरतो त्याच्या चाकावर कमी असतो. पण त्याला मागचे ट्रकवाले हॉर्न मारतात, हेही नमूद केले पाहिजे.

परीक्षा सोपी आहे. चाक धुऊन वाळवावे, बोटांवर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवावी आणि हलकेच फिरवावे. गुळगुळीत लागले तर डाग वरवरचा. बारीक रवाळ, खरखरीत लागले तर लोखंड आत शिरले आहे. शेजारी विचारतील काय चालले आहे. उत्तर देऊ नये.

आता चाक कशाचे ते समजून घेऊ, कारण ते समजले की निम्मे नुकसान टळते. अलॉय व्हील म्हणजे ॲल्युमिनियम, त्यात साधारण सात टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यांत वर पारदर्शक वार्निश. हे वार्निश माणसाच्या केसापेक्षा जाड नसते. मालक ‘चाक घासतो’ असे म्हणतो तेव्हा तो खरे तर हा केसभर पापुद्रा घासत असतो. 1924 मध्ये बुगातीने आपल्या शर्यतीच्या गाडीला ॲल्युमिनियमची चाके बसवली तेव्हा ती उन्हात चमकवून सोसायटीला दाखवावी असा हेतू नव्हता. चाक हलके व्हावे आणि ब्रेक थंड राहावेत, एवढेच. पण वाहनाच्या बाबतीत हौस हेतूच्या पुढे धावते, आणि ही गोष्ट जुनी आहे. इंग्रजांचा वकील सर थॉमस रो 1615 च्या नोव्हेंबरात ह्याच बऱ्हाणपुरात येऊन शहजादा परवेझला भेटला. पुढे अजमेरला त्याच्याकरवी आलेली विलायती घोडागाडी बादशहा जहांगीरला मिळाली, तर त्याने आतले कापड बदलले आणि पितळी खिळे काढून चांदीचे ठोकले. शोरूममधून निघाल्याबरोबर ॲक्सेसरीजच्या दुकानात शिरणाऱ्यांनी आपल्या परंपरेविषयी संकोच बाळगू नये.

मुख्य अडचण सल्लागारांची आहे. चाकावर डाग आहे एवढे कळले की गल्लीत प्रत्येकाकडे एक बाटली निघते. वॉशिंग सेंटरवरचा पोरगा तर विचारण्याआधीच निळ्या कॅनचे झाकण उघडतो.

“काका, ॲसिड मारून देऊ का? दोन मिनिटांत चकाचक.”

“चाकाला काही होणार नाही ना?”

“काही नाही होत. रोज मारतो.”

‘रोज मारतो’ हे खरे असते. काही होते ते मात्र त्याच्याकडे होत नाही, महिन्याभराने मालकाच्या पोर्चमध्ये होते. फरशी-संडासाच्या ॲसिडात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. दगड लागून वार्निशाला पडलेल्या टाचणीएवढ्या भोकातून ते खाली उतरते, ॲल्युमिनियम खाते आणि भोवती पांढरट फोड उठतो. शिवाय डिस्कवर, नटांवर गंज चढतो तो वेगळाच. सुट्या कॅनमधल्या काही ‘व्हील क्लीनर’मध्ये फ्लोराइडची आम्ले असतात. ती कातडीतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमवर हल्ला करतात आणि सुरुवातीला दुखतही नाही. ज्या कॅनवर काय आहे ते लिहिलेले नाही, तो कॅन जिथे आहे तिथेच राहू द्यावा. ही एवढी ओळ ह्या लेखात गमतीने लिहिलेली नाही.

ॲसिड नको म्हटल्यावर मंडळी सोड्याकडे वळतात. “मग कॉस्टिक टाक, नाहीतर धुण्याचा सोडा.” ॲल्युमिनियमची पंचाईत अशी की ते आम्लातही विरघळते आणि अल्कलीतही. ह्यासाठी प्रयोगशाळेत जायला नको. जर्मनच्या पातेल्यात सोड्याचे पाणी उकळून पाहिलेल्या कोणत्याही गृहिणीला ते आतून काळे पडते हे ठाऊक असते. तिला मात्र कोणी विचारत नाही, कारण गाडी हा पुरुषांचा विषय.

भांड्यांची तारेची घासणी, पॉलिश पेपर, आणि नेपानगरच्या कागदावर छापलेला असो वा नसो, वर्तमानपत्राचा बोळा, ह्यांचा उल्लेख फक्त निषेधापुरता. नेपा मिल हा देशातला पहिला न्यूजप्रिंट कारखाना. 1956 मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला, आणि तो वाचण्याच्या कागदासाठी केला. पॉवरलूमच्या गावात सुताच्या वेस्टचा गोळा कुठल्याही गॅरेजात हाताशी असतो. तोही नको. त्यात आधीच्या दहा गाड्यांची रेती आणि धातूचा कीस अडकलेला असतो, आणि तोच अकराव्या गाडीच्या वार्निशावर गोलगोल रेघा ओढतो. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या रेघा पाहाव्यात म्हणजे पटेल.

मग करावे काय? गाडी सावलीत लावावी आणि चाक हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या चाकावर कोणतेही औषध क्षणात सुकते आणि त्याचाच नवा डाग पडतो. लालबुंद डिस्कवर एकदम गार पाणी मारणेही डिस्कला मानवत नाही. मग भरपूर पाण्याने रेती वाहू द्यावी. त्यानंतर गाडी धुण्याचा सौम्य शाम्पू, मऊ केसांचा ब्रश, आणि नटांच्या खोबणीसाठी घरातला जुना दातांचा ब्रश. तो खरोखर जुना आहे ह्याची घरच्यांकडून खात्री करून घ्यावी. चाकाची बादली वेगळी. त्याच बादलीतले फडके नंतर बॉनेटवर फिरले, तर ब्रेकची भुकटी गाडीभर होते.

रुतलेल्या लोखंडासाठी बाजारात ‘आयर्न रिमूव्हर’ मिळतो. त्यात थायोग्लायकोलेट नावाचे संयुग असते. आम्लाच्या जोरावर नव्हे, तर लोखंडाला पकडून ते पाण्यात विरघळवते, म्हणून आम्ल-अल्कली दोन्हींपासून दूर असलेली, ‘पीएच न्यूट्रल’ लिहिलेली बाटली पाहून घ्यावी. फवारा मारल्यावर मिनिटभरात चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात, आणि हा क्षण मालकाच्या आयुष्यात फार मोठा असतो. तो घरातल्या सगळ्यांना बोलावतो. सगळे येतात आणि लगेच परत जातात, कारण वास सडक्या अंड्यांचा असतो. ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करण्याच्या औषधात ह्याच कुळातले रसायन असते, त्यामुळे वासाबद्दल पत्नीने नाक मुरडले तर हा मुद्दा हाताशी ठेवावा, वापरू मात्र नये. चार-पाच मिनिटांत, सुकण्याच्या आत, धुऊन टाकावे. हातमोजे घालावेत. आधी चाकाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला थेंबभर लावून पाहावे.

इतके केल्यावरही चाक वाळले की पांढरे ठिपके उरतात, आणि इथे खरा बऱ्हाणपुरी प्रश्न सुरू होतो. हे ठिपके लोखंडाचे नाहीत, पाण्याचेच आहेत. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असते. पाणी उडून जाते, चुना मागे राहतो. ह्यावर हताश होऊ नये. गावाला ह्या विषयाचा चारशे वर्षांचा अनुभव आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास, तबकुतुल अर्ज ह्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, शंभरावर कुंड्यांची साखळी करून, नुसत्या उतारावर गावात आणले. पंप नाही, मोटर नाही. तो कुंडी भंडारा 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेला. त्याच्या भिंतींवर पाण्यातल्या चुन्याचे पांढरे थर चढलेले आहेत. तिथे त्यांना निसर्गाची किमया म्हणतात, लोक मोबाइलवर फोटो काढतात. तोच चुना चाकावर दिसला तर मालक रात्री झोपत नाही.

वारशाला हात लावू नये. चाकाला लावता येतो. पांढरा व्हिनेगर आणि तेवढेच पाणी एकत्र करून मऊ फडक्याने ठिपक्यांवर मिनिट-दोन मिनिटे दाबून ठेवावे, लगेच भरपूर पाण्याने धुवावे आणि ह्या वेळी मात्र चाक कोरडे पुसावे. शुद्धीचे सारे रहस्य ह्या पुसण्यात आहे, आणि नेमके ह्याच वेळी मालक चहाला जातो. व्हिनेगर लावून चहाला जाणे तर त्याहून वाईट. तेही शेवटी आम्लच आहे.

हंगामाप्रमाणे डाग बदलतात. पावसाळ्यात तापीकाठची काळी माती चाकाच्या आतल्या कडेला थापून बसते आणि वाळून घट्ट होते. मग साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते, मालक बॅलन्सिंगच्या दुकानात जातो, आणि तिथे कारागीर आतून ढेकूळ काढून हातात देतो. केळीच्या कापणीत घडांमधून गळणाऱ्या चिकाचे थेंब वाळून काळे पडतात. केळीच्या चिकात टॅनिन असते आणि टॅनिनला लोखंड भेटले की काळा रंग तयार होतो, म्हणजे ब्रेकच्या भुकटीसह दौतभर शाईची सोय झाली. कपड्यावरचा हा डाग जात नाही हे रावेर-सावद्यापासून इथवर सर्वांना ठाऊक आहे. सुदैवाने चाक शोषून घेत नाही. ओला असतानाच साबणपाण्याने निघतो. वाळला तर आधी कोमट पाण्याचे फडके ठेवून मऊ करावा, नखाने खरवडू नये. नव्या रस्त्याच्या डांबराला थोडे रॉकेल किंवा टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन चालते, फवारून नाही; डिस्कवर तेलकट काही गेले तर चाक चमकेल आणि गाडी थांबणार नाही.

खंडेनवमी-दसऱ्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. चारही चाकांखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतली जाते आणि लिंबाचा रस थेट रिमवर उडतो. प्रथेला आक्षेप नाही. संध्याकाळी साध्या पाण्याने चाक धुवावे इतकेच. हळद साबणाने पुसू नये. साबणातली अल्कली लागली की हळद लाल होते आणि मालकाला वाटते की कुंकू सांडले. आधी कोरडी झटकावी, मग पुसावी. उरलेली पिवळी छटा उन्हात आपोआप फिकी होते, कारण हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. स्वस्त कुंकवातला रासायनिक रंग मात्र इतका शहाणा नसतो. म्हणून जाणत्यांनी टिळा टायरच्या रबरावर लावावा. चाक तेच, पुण्य तेच.

‘डायमंड कट’ म्हणून ज्या चाकांचा चेहरा लेथवर तासून चकाकवलेला असतो, त्यांच्या मालकांनी आणखी जपावे. कठड्याला घासून वार्निश उडाले की पाणी आत शिरते आणि पापुद्र्याखाली दुधाळ, किड्यासारख्या वळ्या पसरू लागतात. तो डाग नाही, तो वार्निशाखालचा गंज आहे. तो कोणत्याही बाटलीने जात नाही. तिथे चाक पुन्हा तासून रंगवण्याचेच काम आहे, आणि त्याआधी चार दुकानांत ‘निघून जाईल’ असे ऐकून घ्यावे लागते.

सगळे झाल्यावर वॅक्सचा किंवा सीलंटचा हात फिरवला तर पुढच्या वेळी भुकटी सहज सुटते. आता गाडी झाकून ठेवण्याची घाई करू नये. ओल्या बिडाच्या डिस्कवर तासाभरात नारिंगी गंज येतो, आणि तशीच उभी ठेवलेली गाडी सकाळी काढल्यावर पहिल्याच ब्रेकला तो खरवडून ताज्या चाकावर बसतो. म्हणून धुतल्याबरोबर राजघाटापर्यंत एक चक्कर मारावी, वाटेत ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबून डिस्क कोरड्या कराव्यात, आणि परत येताना, शक्य असल्यास, खाली वाकून पाहू नये.