अक्षांशराव

अक्षांशराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण त्या नावानं हाक मारणारी माणसं सगळी पुण्यात राहिली, आणि न्यू जर्सीत २००३ नंतर त्यांना दुसरं नाव शोभलंच नसतं. त्या दोन-तीन वर्षांत तिथल्या प्रत्येक मराठी कोंडाळ्यात असा एकेक गृहस्थ उगवला होता. पर्सिपनीकरांकडे एक, प्रिन्स्टनकरांकडे एक. एडिसनकरांकडे तर दोन होते आणि त्यांचं आपसांत बोलणं नव्हतं. आमच्या पिस्कॅटवेच्या वाट्याला आला तो मात्र जातिवंत.

ओळखायची खूण कमरेला. डाव्या बाजूला मोबाइल, उजव्या बाजूला चामडी पाकीट आणि त्या पाकिटात तळहातावर मावेल असा एक डबा. डब्यात पत्ते, भेटीगाठी, कामांची यादी असं सगळं. शिवाय पाठीमागे दुमडलेला एक चपटा पंख. तो अंगठ्यानं उचलून वर केला की डबा थेट आकाशाशी बोलू लागे. पामची डायरी आणि उपग्रहाचा नकाशा हे दोन्ही एका कवचात गार्मिननं २००३ साली आणलं. किंमत सहाशे डॉलरला टेकलेली. अक्षांशरावांनी वहिनींना ती सांगताना डॉलर हा शब्द न वापरता ‘पुण्याच्या एका तिकिटापेक्षा कमी’ असं माप वापरलं, आणि वहिनींनी त्यावर ‘मग तिकीटच काढायचं होतं’ असं उत्तर दिलं.

पामवर त्यांची भक्ती जुनी. पहिला पायलट बाजारात आला १९९६ मध्ये. त्याआधी त्याचा जनक जेफ हॉकिन्स तेवढ्याच आकाराचा एक लाकडी ठोकळा खिशात घालून हिंडत असे. कुणी भेटीची वेळ विचारली की तो ठोकळा काढायचा आणि त्यावर काडीनं लिहिल्यासारखं करायचं. ही कथा अक्षांशराव अशा गहिवरानं सांगत की ऐकणाऱ्यानं नकळत हात जोडावेत. वहिनींचं मत वेगळं होतं. “तो ठोकळाच घ्यायचा. चार्ज तरी करावा लागला नसता.”

या माणसाला तुच्छ लेखण्याआधी न्यू जर्सीचा रस्ता बघायला हवा. पुण्यात पत्ता शोधणारा माणूस कधी एकटा नसतो. पानवाला असतो, इस्त्रीवाला असतो, कट्ट्यावरचे निवृत्त आजोबा असतात. तिघंही वेगवेगळ्या दिशा दाखवतात, पण बोलतात तरी. न्यू जर्सीच्या उपनगरात संध्याकाळी सहा वाजता फुटपाथवर चिटपाखरू नसतं. बऱ्याच ठिकाणी फुटपाथही नसतो. घरं एकाच छापाची, दारं बंद, आणि कुणाच्या दारावर थाप मारून ‘अहो, इथे ते देशपांडे राहतात का’ विचारावं तर आतून पोलिसांना फोन जायचा. म्हणून लोक मॅपक्वेस्टचे छापील कागद मांडीवर घेऊन गाडी चालवत. तिसरं पान वाऱ्यानं मागच्या सीटखाली गेलं की बाळाच्या बारशाला पोचेपर्यंत बाळ रांगायला लागे. अशा मुलखात ज्याला रस्ता ठाऊक आहे तो माणूस मोठा. अक्षांशरावांना पोचण्याची घाई कधीच नव्हती. त्यांना हवं होतं ते एवढंच, की कुणीतरी फोन करून विचारावं, “अहो, तुमच्याकडे कसं यायचं?”

विचारलं की सुटका नसे. “आम्ही ४०.५५ उत्तर, ७४.४६ पश्चिम,” असं ते सुरू करत. पुणंही ७४ च्याच आसपास आहे, फक्त पूर्वेला, हा त्यांचा आवडता शोध. “आम्ही देश सोडला, रेखांश सोडला नाही,” हे वाक्य त्यांनी आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत छापूनही आणलं होतं.

कुठे निघायचं म्हटलं की सगळं कुटुंब गाडीत बसलेलं आणि हे आवारात पंख वर करून उभे. यंत्र बरेच दिवस बंद राहिलं असेल तर त्याला सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक नव्यानं उतरवून घ्यावं लागतं. उपग्रह ते सांगतो सेकंदाला ५० बिट इतक्या निवांतपणे, आणि अख्खं वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं जातात. एवढा वेळ थांबायची गरज नसते. चार उपग्रह नीट दिसले की काम भागतं. पण अक्षांशराव अर्धवट माहितीवर घर सोडणाऱ्यांपैकी नव्हते. “वीस हजार किलोमीटरवरून येतंय ते,” ते खिडकीतून आत सांगत. वहिनी म्हणत, “आपल्याला बारा मैलांवर जायचंय.”

यजमानांच्या दारात ते पन्नास मिनिटं उशिरा उभे राहत आणि चपला काढता काढता काळावर बोलायला सुरुवात करत. उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं. आइनस्टाइननं सांगून ठेवलंय. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरची चूक होईल. यजमानीण गार झालेली भजी पुन्हा तेलात सोडत असे आणि मायक्रोसेकंदांचा हिशेब चालूच राही. ३८ मायक्रोसेकंदांनी एवढा कासावीस होणारा माणूस पन्नास मिनिटांचं काहीच वाटून घेत नाही, हे मला त्यांच्यातलं खरं अध्यात्म वाटतं.

एका महाराष्ट्रदिनाला तर त्यांनी कमाल केली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवर सगळे बोलून झाले होते, पुरणपोळीचा वास सभागृहात शिरला होता, आणि अक्षांशराव उठले. उपग्रहांचे जे संकेत सामान्य माणसाला मिळत, त्यांत अमेरिकेचं संरक्षण खातं मुद्दाम गोंधळ मिसळत असे. त्यामुळे आपण नेमके कुठे, यात शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. तो गोंधळ थांबवण्याची घोषणा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी केली १ मे २००० रोजी. “बंधू-भगिनींनो,” अक्षांशराव म्हणाले, “१ मे १९६० ला आपल्याला महाराष्ट्र मिळाला, आणि बरोबर चाळीस वर्षांनी त्यातला माणूस नक्की कुठे उभा आहे हे कळायला लागलं!” टाळ्या पडल्या. पुरणपोळीसाठी असतील, पण पडल्या.

गाडीतलं त्यांचं वागणं हा निराळा अध्याय. बाकीच्या जगात डावीकडे जायचं तर माणूस डावीकडे वळतो. न्यू जर्सीतल्या कित्येक हमरस्त्यांवर आधी उजवीकडे बाहेर पडायचं, एक गिरकी घ्यायची आणि मग आडवा रस्ता ओलांडून डावीकडे जायचं. याला तिथे जगहँडल म्हणतात. यंत्रातली बाई उजवीकडे वळायला सांगे. अक्षांशरावांना जायचं असे डावीकडे. मग ते बाईशी वाद घालत पुढे निघून जात आणि बाई निर्विकारपणे ‘रिकॅल्क्युलेटिंग’ म्हणे. हा शब्द ती ज्या शांतपणानं उच्चारी, तो शांतपणा आमच्या मंडळाच्या एकाही अध्यक्षाला साधला नाही. वहिनींना मात्र जगहँडल पहिल्या दिवशीच समजलं होतं. “यांना डावीकडे न्यायचं तर आधी उजवीकडे जायचं म्हणावं लागतं, हे मला कुणी शिकवायला नको.”

पण अक्षांशरावांचं खरं वैभव नकाशात नव्हतं, पत्त्यांत होतं. त्या यंत्रात कुणाच्याही पत्त्यावर टिचकी मारली की रस्ता तयार. म्हणून पंचक्रोशीतल्या प्रत्येक मराठी घराचा पत्ता त्यांनी भरून ठेवला होता, आणि प्रत्येक पत्त्याच्या पोटात एक टिपण. टिपणाची सोय मूळ पामचीच. माणसं तिथे मुलांचे वाढदिवस लिहीत. अक्षांशराव तिथे अनुभव लिहीत.

पामच्या घराण्यातल्या यंत्रांना आणखी एक कला येत असे. दोन यंत्रं तोंडाला तोंड लावून धरली की एकातली नोंद अदृश्य किरणांनी दुसऱ्यात जाई. गणेशोत्सवात, शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या उपाहारगृहात, नुकत्याच आलेल्या मेट्युचेनकरांनी विचारलं की पर्सिपनीकरांचा पत्ता काय. हा क्षण अक्षांशराव वर्षभर वाट पाहत असलेला. “लिहून कसलं घेता? काढा यंत्र!” यंत्रं समोरासमोर आली, टिंग झालं, पत्ता गेला. पत्त्याबरोबर टिपणही गेलं, कारण नोंद जाते ती सगळीच जाते.

मेट्युचेनकर सरळ मनाचा मुलगा. त्याला वाटलं, हा रस्त्याचाच तपशील असणार. शेजारी साक्षात पर्सिपनीकरवहिनी मोदक वाढत होत्या, म्हणून खातरजमेसाठी त्यानं रोमन लिपीतलं ते मराठी मोठ्यानं वाचलं: “पाचला बोलावतात, नऊला वाढतात. खाऊन जावे. गाडी गल्लीत लावावी. कुत्रा निरुपद्रवी. मुलगा तबला वाजवतो.”

मोदक हवेतच थांबला.

त्या रात्री निम्मं मंडळ अक्षांशरावांभोवती जमलं. कुणी रागावून नव्हे. प्रत्येकाला एकच चिंता, की आपल्या पत्त्याखाली काय आहे? “आमचा फोन नंबर बरोबर आहे ना? दाखवा बघू,” म्हणत एकेक जण मान लांब करून पडद्यात बघू लागला. अक्षांशरावांनी पंख मिटला आणि जाहीर केलं की त्या दिवशी सकाळीच बॅटरी पूर्ण उतरली होती आणि सगळा संग्रह पुसला गेला. जुन्या यंत्रांत वीज गेली की स्मृतीही जाते. हे तंत्रदृष्ट्या अगदी खरं होतं. बॅटरी तळाला गेली की त्या काळच्या पामची पाटी कोरी होत असे. मग आत्ता गेलेला पत्ता कुठून आला, हे विचारण्याइतकं भान कुणाला नव्हतं. फक्त वहिनी म्हणाल्या, “अहो, रोज रात्री झोपताना कॉम्प्युटरला लावून हॉटसिंक करता ना? तिथे असेल की सगळं.”

एक गोष्ट मान्य करायला हवी. त्यानंतर वर्षभर आमच्या भागातल्या पंगती सुधारल्या. साडेसहाला पानं मांडली जाऊ लागली, आमट्या दाट झाल्या, एका घरी तर पाहुण्यांसाठी गाडी लावायची जागा खडूनं आखून ठेवली होती. कार्यकारिणीनं दहा ठराव करून जे जमलं नव्हतं ते एका टिपणानं केलं. तबला मात्र चालू राहिला.

पुढल्या डिसेंबरात ते पुण्याला गेले तेव्हा डबा अर्थातच कमरेला. यंत्रात भरलेले रस्ते सगळे अमेरिकेचे. तिथे काडी टेकवावी तर गल्लीबोळ उमटत नाहीत. पण उपग्रह काही व्हिसा मागत नाहीत. वेग, उंची, कापलेलं अंतर सगळं दिसत होतं, आणि अक्षांशरावांना तेवढं पुरलं. रिक्षातून हात बाहेर काढून, पंख आकाशाकडे करून ते स्वारगेटपासून कोथरूडला गेले. उतरताना म्हणाले, “तुमच्या मीटरवर आठ किलोमीटर, आणि उपग्रह म्हणतो सात पूर्णांक एक.” रिक्षावाल्यानं डब्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि गिअर टाकत म्हणाला, “मग त्यालाच सांगायचं होतं सोडायला. सुट्टे द्या.” हा प्रसंग स्वतः अक्षांशरावांनी आम्हाला सांगितला आणि सांगताना त्यांचा चेहरा अभिमानानं फुलला होता, कारण अंतर बरोबर निघालं होतं. पैसे त्यांनी आठाचेच दिले.

मग २००८ मध्ये आयफोनमध्ये उपग्रहाची सोय आली, २००९ च्या ऑक्टोबरात गूगलनं वळणावळणाचा रस्ता फोनवर फुकट सांगायला सुरुवात केली, आणि दोन-चार वर्षांत मंडळातल्या पोराबाळांच्यासुद्धा खिशात अक्षांशराव आले. आता कुणी फोन करून रस्ता विचारत नाही. दारात आल्यावर ‘आलो’ एवढाच निरोप येतो. डबा कुठल्याशा खणात आहे. पंखाची बिजागरी ढिली झाली आहे म्हणे.

पण जात मेलेली नाही. तिनं सीट बदलली. अक्षांशराव आता दुसऱ्यांच्या गाडीत पुढे, डाव्या नव्हे, उजव्या बाजूला बसतात आणि समोर चिकटवलेल्या फोनकडे नापसंतीनं बघतात. परवा मेट्युचेनकरांची लेक आम्हाला घेऊन पर्सिपनीला निघाली होती. परवाना मिळून तिला महिनाही झाला नव्हता. फोन म्हणाला, पुढच्या एक्झिटला बाहेर पडा.

“पडू नकोस,” अक्षांशराव म्हणाले. “सरळ चल. पुढून वळसा आहे, झाडीतून जातो, छान आहे.”

“काका, हा म्हणतो त्यानं पंचवीस मिनिटं जास्त लागतील.”

“लागू देत. तो कधी पर्सिपनीकरांकडे जेवलाय?”