५२ कोटींची शिकरण

केळे भिंतीला लावायचे ते जमिनीपासून बरोबर १७५ सेंटिमीटर उंचीवर. सात ते दहा दिवसांत ते काळवंडले, की काढून नवे लावायचे. मॉरिझिओ कॅटेलान या इटालियन कलावंताच्या ‘कॉमेडियन’ या कलाकृतीसोबत अशा सूचना येतात. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाला मिळालेली पोथी १४ पानांची होती. सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचे खुंट बांधताना आमचे गुरुजीसुद्धा एवढे सोवळे पाळत नाहीत.

२०१९ साली मायामीच्या कलाजत्रेत हे केळे १ लाख २० हजार डॉलरला गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सदबीजच्या लिलावात सगळा खर्च धरून ६२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे ५२ कोटी रुपये आले. घेणाऱ्याला मिळाले काय? प्रमाणपत्र. ते ज्याच्याकडे असेल, त्याने टेपने चिकटवलेले केळे ही कला. तुम्ही-आम्ही चिकटवले, तर घरमालक रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार.

सतराव्या शतकातले डच चित्रकार अर्धवट सोललेले लिंबू रंगवायचे. ताटाच्या कडेवरून लोंबणारी साल, तिच्या आतला पांढरा पापुद्रा, फोडींवरचा ओलावा, सगळे ब्रशने. बिचाऱ्यांकडे टेप नव्हती.

आता केळे म्हटले की कोणीतरी खाणारच. मायामीत एका कलावंताने ते भिंतीवरून काढून सर्वांसमक्ष खाल्ले आणि आपले खाणे हीही कलाच असल्याचे जाहीर केले. गॅलरीने दुसरे केळे लावले. २०२३ मध्ये सोलच्या संग्रहालयात एका विद्यार्थ्याने ते खाऊन साल पुन्हा भिंतीला चिकटवली. कारण विचारले, तर म्हणाला, सकाळची न्याहारी झाली नव्हती, भूक लागली होती. एवढ्या सगळ्या प्रकरणात केळ्याबद्दल कोणी बोललेले हे पहिलेच समजण्यासारखे वाक्य! पण पोरगा कलाशाखेचा. पुढे त्यानेही यात बंडखोरी असल्याचे सांगितले. भुकेनेही शेवटी पदवी घेतलीच.

लिलावात केळे घेणारे क्रिप्टोवाले जस्टिन सन यांनी ते हाँगकाँगच्या हॉटेलात पत्रकार बोलावून खाल्ले. इतर केळ्यांपेक्षा फारच चांगले लागले, असे ते म्हणाले. लागणारच. पण कोरडेच खाल्ले हो! दुधात कुस्करून, साखर-वेलची घालून वाटीभर शिकरण तरी करायची. मग ५२ कोटींतले निदान दूध तरी कारणी लागले असते.

लिलावाच्या दिवशी ते केळे सदबीजच्या दाराशी असलेल्या फळगाडीवरून ३५ सेंटला आणले होते. गाडीवर उभा असलेला माणूस सत्तरी ओलांडलेला, मूळचा बांगलादेशचा, ताशी १२ डॉलरवर राबणारा. आपले केळे कितीला गेले हे कळल्यावर तो रडला. सनसाहेबांना पाझर फुटला. त्यांनी त्याच्याच गाडीवरून एक लाख केळी घेऊन जगभर फुकट वाटण्याची घोषणा केली. एक लाख केळी घाऊक बाजारातून त्या गाडीवर आणायची कशी, हा हिशेब अर्थातच म्हाताऱ्याने करायचा. आणि गाडी त्याच्या मालकीची नाही, त्यामुळे नफा मालकाचा.

घोषणेत वाटपाचा नियमही होता. वैध ओळखपत्र दाखवा, एक केळे न्या. साठा असेपर्यंत.