अपडेटनंतर प्रेफरन्सेस कशा लावाव्यात: मोहनेकरांसाठी मार्गदर्शिका

आकाशाचे फोटो रचण्याचे सॉफ्टवेअर अपडेट झाले की बटणे जागेवर सापडत नाहीत आणि मृगातला लालसर तेजोमेघ निळा निघतो. अशा वेळी घरच्यांना हाक मारू नये. "माझ्या मोबाईलवर चंद्र छान येतो" हे ऐकावे लागते. दार लावून प्रेफरन्सेस उघडाव्यात.

सिरिल वापरत असाल (फुकट आहे, म्हणजे वापरतच असाल), तर पहिला मान वर्किंग डिरेक्टरीचा. तयार स्क्रिप्टना लाइट्स, डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस याच इंग्रजी नावांची फोल्डरे लागतात. 'गच्ची शनिवार फायनल नवीन २' या फोल्डराची दखल त्या घेत नाहीत.

मेमरीचा सगळा हिस्सा सॉफ्टवेअरला बहाल करू नये. त्याच लॅपटॉपवर मुलीचा प्रोजेक्ट उघडा असतो.

फोटोंची बिट-खोली १६ असेल तर ३२ करावी. सोळा बिटांत उजेडाच्या ६५,५३६ पायऱ्या मावतात. ऐकायला पुष्कळ, पण शेकडो फोटो रचून तेजोमेघाची फिकट कड ताणायला घेतली की अपुऱ्या पडतात. फायली दुप्पट फुगतील. नव्या हार्ड डिस्कचा खर्च 'मुलांचे शिक्षण' या सदरात दाखवावा.

निळ्या तेजोमेघाचे मूळ बहुधा बायर पॅटर्नमध्ये असते. सेन्सरवर दर चार चौकोनांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. अपडेटने क्रम उलटा धरला की लाल-निळ्याची अदलाबदल होते. आपल्या कॅमेऱ्याचा क्रम निवडावा. अंदाजपंचे निवडू नये.

आता राहिले आकाश. जॉन बॉर्टल यांनी २००१ साली काळोखाची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. तिची पहिली पायरी मोहनेकरांनी वाचूच नये, उगाच त्रास होतो. मोहन्यातली एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडली, पण वरचा उजेड काही बंद पडला नाही. बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन कल्याणच्या बाजूचा उजळ पट्टा पुसते. त्यात बुडालेली फिकट कड मात्र परत आणत नाही. त्यासाठी प्रेफरन्सेसमध्ये रकाना नाही. वीज गेली तर तेवढा वेळ सत्कारणी लावावा.

एवढे करूनही जमले नाही तर वांगणी गाठावी. खगोल मंडळ या संस्थेचे आकाशदर्शन तिथे होत आले आहे. आंबिवलीहून थेट गाडी नाही, कल्याणला उतरून कर्जत लोकल धरावी लागते. आणि कृपा करून अमावस्येच्या आठवड्यात 'अपडेट'वर बोट ठेवू नका.