वजन साडेआठ किलो, सामान वेगळं

नाताळच्या सुट्टीत माथेरानला जायचं ठरलं तेव्हा बाळ दहा महिन्यांचं होतं आणि त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं. ते त्यानं पुढे सवडीनं, आणि बहुतेक वेळा रात्री, मांडलं.

ठिकाण निवडलं आजोबांनी. मुंबई-ठाण्याला इतकं जवळचं थंड हवेचं ठिकाण दुसरं नाही, कर्जत लोकल पकडली की नेरळ, नेरळहून वर की माथेरान. शिवाय १८५० साली ही जागा हेरली ती ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी, तेव्हा ठाणेकरांचा तिच्यावर पहिला हक्क, असंही त्यांचं म्हणणं. वर मोटारींना बंदी आहे, म्हणजे धूर नाही, हॉर्न नाही, बाळ शांत झोपेल. हे भाकीत करणारा माणूस स्वतः चालत्या लोकलमध्ये उभ्याउभ्या झोपू शकतो, हे घरच्यांनी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

बॅगा भरण्याच्या कामात दोन पिढ्या समोरासमोर आल्या. आजीच्या पिशवीत सहाण, जायफळ, वेखंड, बाळगुटीचा डबा, खोबरेल तेलाची बाटली, चार दुपटी आणि सहा टोपडी. आईच्या पिशवीत डायपर, ओले वाइप्स, थर्मामीटर, नाचणीसत्त्व आणि घरी भाजून दळलेली मूग-तांदळाची भरड. माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर. तिथे डिसेंबरात रात्री स्वेटर लागतो, पण सामान पाहून शेजाऱ्यांनी ‘काश्मीर का?’ असं विचारलं. बाबांनी यात भर घातली ती नव्या स्ट्रोलरची. ‘एका हातानं मिटतो,’ असं ते प्रत्येकाला सांगत होते. घरच्या दिवाणखान्यात तो मिटलाही. नेरळच्या फलाटावर मात्र बाबा, आत्या आणि एक वडापाववाला असे सहा हात लागले.

आजोबांना जायचं होतं छोट्या गाडीनं. आदमजी पीरभॉय कुटुंबानं स्वतःचे पैसे घालून १९०४ ते १९०७ या काळात ही लाइन टाकली. जेमतेम दोन फूट रुंदीचे रूळ, एकवीस किलोमीटरचा घाट, वाटेत जुम्मापट्टी आणि वॉटरपाइप ही स्टेशनं, आणि वर पोचायला दोन तासांहून जास्त वेळ. इतका वेळ डुलत डुलत गेलं तर बाळाची एक झोप पुरी होईल, असा हिशेब होता. तोच हिशेब सुट्टीत नेरळला उतरलेल्या बऱ्याच जणांनी केलेला होता. खिडकीपाशी पोचेपर्यंत तिकिटं संपली आणि मंडळी वाटणीच्या व्हॅनमध्ये शिरली. घाटाच्या पहिल्याच वळणाला बाळ झोपलं, दस्तुरी नाक्याला गाडी थांबली त्याच क्षणी उठलं.

दस्तुरीला मोटारीचं राज्य संपतं. इथून बाजारापर्यंतचे अडीच-एक किलोमीटर घोड्यावरून जा, अमन लॉजहून सुटणाऱ्या शटल गाडीनं जा, ई-रिक्षानं जा, नाहीतर पायी जा. इतकी वर्षं हातरिक्षाही होत्या. माणसानं माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानवी आहे असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये ती सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, आणि त्याला फार उशीर झाला असंच कुणीही म्हणेल. ई-रिक्षापुढे रांग होती. शटलपुढे त्याहून मोठी रांग होती. शेवटी सामानासाठी एक हमाल मावशी ठरवल्या आणि सगळे चालू लागले. मावशींनी डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर मोठी बॅग, बॅगेवर आजीची पिशवी आणि सगळ्यांत वर मिटलेला स्ट्रोलर.

‘दादा, ही गाडी बाळासाठी हाय का बाळ गाडीसाठी?’ मावशींनी मान न हलवता विचारलं.

बाबांना प्रश्न लागला. मातीच्या पेव्हर ब्लॉकचा रस्ता दिसल्यावर त्यांनी स्ट्रोलर खाली उतरवून घेतला, बाळाला पट्टे लावून बसवलं आणि मोठ्या दिमाखात पन्नास-एक पावलं ढकललं. मग ब्लॉक संपले. पुढची तांबडी माती, सुटे दगड आणि झाडांची उघडी मुळं यांच्यावर स्ट्रोलरची पुढची छोटी चाकं घोड्यासारखी अडून बसली. शेजारूनच छोट्या गाडीचे रूळ जात होते आणि कितीतरी लोक सपाट वाट म्हणून रुळांमधूनच चालत होते. बाबा स्ट्रोलरच्या मागच्या चाकांकडे पाहत होते, मग रुळांकडे पाहत होते. ‘मनातसुद्धा आणू नकोस,’ आजी म्हणाली. पाच मिनिटांनी शटल शिटी वाजवत तिथूनच गेली.

हॉटेलवर गरम पाणी सकाळी ७ ते ९ या वेळात मिळत असे. बाळाची अंघोळीची वेळ साडेदहा. वाटाघाटी आजीनं केल्या आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला दोन बादल्या वाफाळतं पाणी दारात आलं. तेल लावणं झालं, अंघोळ झाली, आणि मग आजीनं ओवा आणि लसणाच्या सालांची धुरी पेटवली. बालरोगतज्ज्ञ धुरीला नको म्हणतात, हे आईनं तिला पूर्वीच सांगितलं होतं. आजीनं ते ऐकून घेतलं होतं, इतकंच. धूर दाराखालून व्हरांड्यात गेला आणि एक पोऱ्या वाळूची बादली घेऊन धावत आला. वाळू वाचली. धुरीवाद मात्र कायमचा मिटला, आणि तो आईच्या बाजूनं.

रात्रीचा कारभार बाबांकडे होता. त्यांनी वाचलेलं होतं की जपानच्या राइकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये रडणाऱ्या बाळांचा अभ्यास केला. बाळाला उचलून न थांबता पाच मिनिटं चालायचं, ते झोपलं की लगेच खाली ठेवायचं नाही, आणखी पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसायचं, मग ठेवायचं. बाबा मोबाइलवर घड्याळ लावून व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले. पाचव्या मिनिटाला बाळ खरोखर झोपलं. बाबा बसले. सातव्या मिनिटाला मोबाइलचा गजर वाजला.

दिवसा फिरणं म्हणजे पॉइंट पाहणं. माथेरानात तिसाच्या वर पॉइंट आहेत आणि घोडेवाले ते एका दमात म्हणून दाखवतात. या कुटुंबाला त्यातला एको पॉइंट नीट पाहता आला, कारण तो बाळानं पाहिला. कठड्यापाशी बरीच मंडळी ‘हॅलो’ आणि ‘आय लव्ह यू’ ओरडत होती. त्या गलक्यानं बाळ दचकलं आणि त्यानं ठेवणीतला टाहो फोडला. समोरच्या कड्यानं तोच टाहो परत केला. बाळ गप्प. खालचा ओठ बाहेर काढून त्यानं दरीकडे रोखून पाहिलं. मग प्रयोग म्हणून एक छोटी किंकाळी सोडली. तीही परत आली. आता त्यानं पाय झाडले आणि ‘ब्बा!’ म्हणून फर्मावलं, दरीनं ‘ब्बा’ म्हटलं, आणि हे संभाषण इतकं रंगलं की ‘आय लव्ह यू’वाले मागे सरकून ऐकत राहिले. आजोबांनी नातवाला ‘दरीशी वाद घालणारा’ म्हणून चौघांना दाखवलं. सनसेट पॉइंटला मात्र बाळ झोपेत होतं, त्यामुळे सगळे हॉटेलवरच थांबले आणि सूर्य आपला आपण मावळला.

माकडांचा प्रसंग परतीच्या वाटेवर घडला. माथेरानच्या माकडांना प्लॅस्टिकचा चुरचुर आवाज म्हणजे खाऊ, हे पाठ आहे. आईनं बाळाचं तोंड पुसायला वाइप्सचं पाकीट उघडलं आणि एका माकडानं ते हातातून काढून थेट फांदी गाठली. आत वेफर नाहीत हे त्याला कळलं, पण एक वाइप ओढला की दुसऱ्याचं टोक आपोआप वर येतं, हेही कळलं. मग काय! ओढायचा, हुंगायचा, टाकायचा. झाडाखाली पांढरा सडा पडला. बाळ इतकं खदखदून हसलं की उचकी लागली. हा सगळा भाग २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, असं म्हणत बाबा वाकून वाकून एकेक वाइप गोळा करत होते. माकड वरून पुरवठा चालू ठेवत होतं.

बाजारात चिक्की घेतली, आजोबांच्या चपला घेतल्या आणि मधाच्या बाटलीपाशी तिढा पडला. आजीला बोटभर मध बाळाच्या जिभेवर लावायचा होता. आई म्हणाली, ‘आई, वर्षाच्या आत मध नको. त्यात बोटुलिझमचे बीजाणू असू शकतात, एवढ्या लहान आतड्यांना ते झेपत नाहीत.’ आजीला तो शब्द काही आवडला नाही. पण धुरीचा अनुभव ताजा होता. बाटली घेतली, आणि वाढदिवस होईपर्यंत ती उघडायची नाही असं दुकानातच ठरलं.

नेरळला परतीची लोकल भरून आली. बाबा आणि आजोबा स्ट्रोलरसकट मालडब्यात गेले, बायका बाळाला घेऊन लेडीज डब्यात. तिथे बाळाला आईच्या मांडीवर फारसं बसताच आलं नाही. वांगणीला ते खिडकीजवळच्या काकूंकडे होतं, बदलापूरला भाजी निवडत बसलेल्या दोघींकडे. एकीनं ‘उकडतंय हो त्याला’ म्हणून टोपडं काढलं. समोरचीनं ‘वारं लागेल’ म्हणून घातलं. कल्याणला आणखी बायका चढल्या आणि हा विषय नव्यानं चर्चेला आला. ठाण्याला आत्यानं बाळ ताब्यात घेतलं, आजीनं पिशवी घेतली, आणि सगळ्याजणी ढकलाढकलीत उतरल्या.

घरी गेल्यावर बाळाच्या डोक्यावरचं टोपडं काढलं तर आत आणखी एक टोपडं निघालं. आजीची सहाच्या सहा पिशवीतच होती.