माणीपट्टीची कुळकथा

जे यंत्र एकदाचे बंद पडते त्याच्याविषयी माझ्या मनात काहीसा आदरच आहे. कारण कळ दाबूनही जे हूं की चूं करीत नाही त्याने आपला गुन्हा कबूल केलेला असतो, आणि मागे उरते ते केवळ दुरुस्तीचे अंदाजपत्रक. परंतु जे यंत्र सकाळी सुरळीत चालते, दुपारी अकस्मात निळे पडते, संध्याकाळी दुरुस्तीवाल्यासमोर अत्यंत विनयाने वागते आणि तो जिना उतरून गेल्याबरोबर पुन्हा निळे पडते, त्याच्याशी गाठ पडलेल्या माणसाची प्रथम यंत्रावरची, नंतर स्वकीयांवरची आणि सरतेशेवटी कार्यकारणभावावरचीच श्रद्धा उडते. आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मानद चिटणीस या नात्याने जो संगणक माझ्या ताब्यात आहे, तो या दुसऱ्या वर्गातला होता.

त्याचा प्रत्येक अपघात निराळी सबब सांगून होत असे. निळ्या पडद्यावर कधी 'पेज फॉल्ट'चा ठपका येई, कधी 'मेमरी मॅनेजमेंट'चा, तर कधी माझ्या हिशेबाशी ज्याचा सुतराम संबंध नाही अशा एखाद्या ड्रायव्हरचे नाव झळके. अशा प्रसंगी आपल्या समाजात तज्ज्ञांची वाण कधीच पडत नाही. मेहुण्यांनी व्हायरसचे निदान केले, शेजारच्या नानांनी विजेचा दाब आणि माझी ग्रहदशा यांना समसमान जबाबदार धरले, घरातून "अहो, त्याला जरा वारा तरी लागू द्या" अशी सूचना आली, ती बिनखर्चाची असल्यामुळे ताबडतोब अमलात आली, आणि भाच्याने, तरुण पिढीजवळ सर्व व्याधींवर जो एकच उतारा आहे, तो सांगितला: "मामा, फॉरमॅट मारा." फॉरमॅट मारला. परंतु विंडोज नव्याने चढवताना निम्म्या वाटेवर फाइल खराब असल्याची तक्रार करून यंत्र थबकले, आणि तोच पेनड्राइव्ह भाच्याच्या लॅपटॉपवर निमूटपणे चालला, तेव्हा कोठे सर्वांची नजर पेटीच्या आत, रॅमच्या दोन पट्ट्यांकडे वळली.

तोवर माणीपट्टीचे प्रकरण उद्भवून गेले होते. संस्थेने सभासदांना पाठविलेल्या मागणीपत्रात 'पाणीपट्टी' या शब्दातल्या पहिल्या 'प'चा 'म' झाला, दुसरा मात्र जागच्या जागी राहिला. वार्षिक सर्वसाधारण सभेत माणीपट्टी नावाचा कोणताही आकार मंजूर झालेला नसल्याचा लेखी आक्षेप तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्याच दिवशी दाखल झाला. माझ्या बोटांवर आळ आला, तेव्हा मी दाखवून दिले की, कळफलकावर 'प' आणि 'म' यांच्या कळा शेजारी नाहीत. संगणकाच्या दप्तरी मात्र त्यांची घरोब्याची सोयरीक निघाली: युनिकोडच्या नोंदवहीत 'प'चा क्रमांक 2346 आणि 'म'चा 2350, आणि द्विमान पद्धतीत लिहिले असता या दोन संख्यांत फरक उरतो तो अवघ्या एका बिटाचा. एका शून्याने एक व्हायचे ठरविले की पाण्याची माणी होते.

ते शून्य असे का ठरविते, हे समजण्यासाठी रॅमची अंतर्रचना पाहिली पाहिजे. 1968 साली आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना जिचे पेटंट मिळाले, तीच मूळ कल्पना आजही चालू आहे: प्रत्येक बिटाला एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर, कपॅसिटरमध्ये विद्युद्भार असला तर एक, नसला तर शून्य. हा भार गळक्या रांजणातल्या पाण्यासारखा सतत झिरपत असल्यामुळे प्रत्येक ओळ साधारणतः 64 मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरून ठेवावी लागते. आठ जीबीच्या रॅममध्ये अशी सुमारे 6,872 कोटी घरे. त्यांतले एखादेच बिघडले, तर त्यात दर वेळी मुक्कामाला कोण उतरेल याचा नेम नसतो. छायाचित्र उतरले तर एका ठिपक्याचा रंग किंचित बदलेल आणि ब्रह्मदेवालाही पत्ता लागणार नाही; मागणीपत्र उतरले तर माणीपट्टी; आणि खुद्द विंडोजचा गाभा उतरला तर निळा पडदा. खोटी साक्ष देतो एक, आणि तुरुंगात जातात बाकीचे सगळे.

येथे भाच्याने नानांना नको ते ज्ञान पुरविले. 1978 साली इंटेलमधील मे आणि वुड्स या दोघांनी दाखविले होते की, चिपच्या वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या लेशमात्र अंशातून निघणारे अल्फा कण बिट पालटू शकतात, आणि पुढल्याच वर्षी विश्वकिरणांवरही तोच आरोप ठेवण्यात आला. 2003 साली ब्रुसेल्समधील स्कारबेक येथे यंत्रावर झालेल्या मतदानात एका उमेदवाराला नेमकी 4,096 मते अधिक पडली; ही संख्या म्हणजे दोनाचा बारावा घात, आणि यंत्रात दुसरा दोष न सापडल्यामुळे संशय विश्वकिरणांवर गेला. (आमच्या संस्थेच्या निवडणुकीत असल्या चमत्कारांसाठी अंतराळापर्यंत जावे लागत नाही, हे जाता जाता नमूद करतो.) आकाशातून काहीतरी येऊन हिशेब बिघडवते, हे शास्त्रानेच मान्य केलेले पाहून नानांना आपली ग्रहदशेची उपपत्ती सिद्ध झाल्यासारखी वाटली. त्यांना 2009 सालचा गूगलच्या संगणकांवरचा अभ्यास दाखवून काही उपयोग झाला नाही. त्यात वर्षाकाठी सुमारे आठ टक्के पट्ट्यांत चुका आढळल्या, आणि त्यांचा मोठा वाटा आकाशाचा नसून खुद्द पट्टीतल्या कायमच्या व्यंगाचा होता.

व्यंग शोधण्यासाठी मेमटेस्ट86 नावाचा एक जुना आणि कमालीचा चिकट तपासनीस आहे. तो विंडोजच्या आत शिरत नाही. पेनड्राइव्हवरून थेट यंत्राचा कबजा घेतो, कारण ज्या इमारतीची तपासणी करायची तिच्यातच बिऱ्हाड करून राहणाऱ्याने निःपक्षपाती अहवाल देणे अवघड. मग तो प्रत्येक घरात शून्य ठेवून पाहतो, एक ठेवून पाहतो, उलटेसुलटे नमुने भरून शेजाऱ्याच्या हालचालीने शेजारी बिथरतो काय हेही पाहतो, आणि हे रात्रभर करीत राहतो. पहाटे पडद्यावर तांबड्या ओळी उभ्या होत्या: पत्ता तोच, बिट तोच, चाराच्या किमतीचा, शून्य सांगितले तरी एकच सांगणारा. दुरुस्तीवाल्या मुलाने प्रथेप्रमाणे पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासले. या उपायाला हसू नये, कारण पुष्कळदा दोष नुसत्या मळलेल्या जोडाचाच असतो. येथे तो नव्हता. एकेक पट्टी निरनिराळ्या स्लॉटमध्ये बसवून पाहता मदरबोर्ड निर्दोष सुटला आणि एकाच पट्टीवर दोषारोप कायम झाला.

मला राग त्या पट्टीचा आला नाही; आला तो तिच्यावर पहारा न ठेवणाऱ्यांचा. 1950 साली रिचर्ड हॅमिंग यांनी चूक ओळखून दुरुस्त करणारी संकेतपद्धती प्रसिद्ध केली. बड्या सर्व्हरांच्या रॅममध्ये आज 64 बिटांमागे निदान आठ बिट केवळ या पहाऱ्यासाठी ठेवलेले असतात. 1981 सालच्या आयबीएम पीसीतसुद्धा आठ चिपांमागे एक नववी साक्षीदार म्हणून होती. पुढे काटकसरीत घरगुती यंत्रांतून तिला बडतर्फ करण्यात आले. म्हणजे सर्व्हरवरच्या पैशाला पहारेकरी, आणि संस्थेच्या पाणीपट्टीला राम!

दुकानदाराने आजीव हमीचा कागद पाहून पट्टी आपल्या यंत्राला लावली, एक चहा होईपर्यंत पाहिली, आणि "आमच्याकडे चालते की, साहेब" असा निकाल दिला. तांबड्या ओळींचे छायाचित्र त्याने दोनदा मोठे करून पाहिले आणि नाइलाजाने पट्टी बदलून दिली. त्या दिवसापासून यंत्र शहाण्यासारखे वागत आहे, आणि मेहुणे, नाना व भाचा हे तिघेही आपापले निदान बरोबर ठरल्याचे सांगतात.

राहिला प्रश्न माणीपट्टीचा. निम्म्या सभासदांनी ती मुकाट्याने भरलेली होती आणि तिच्या पावत्याही फाडल्या गेल्या होत्या. अमंजूर आकाराच्या पावत्या ताळेबंदात घेता येणार नाहीत, असे लेखापरीक्षकांनी बजावले. विशेष सभेत मी कपॅसिटरपासून आरंभ केला, परंतु एका बिटाच्या गैरवर्तनासाठी संस्थेने एवढ्या पावत्या का रद्द कराव्यात, असा बिनतोड प्रश्न आला, आणि नानांच्या अनुमोदनाने माणीपट्टी पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर झाली. यंदा तिच्यात वाढ करावी काय, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आहे.