उचलला त्याचा कुत्रा

छत्रपती संभाजीनगरात रस्त्यावरच्या जखमी कुत्र्याला हात लावला की त्या क्षणापासून तो कुत्रा तुमचा होतो. गल्लीत तो वर्षानुवर्षं सगळ्यांच्या दारची पोळी खाऊन राहिलेला असतो, चौकातल्या चहावाल्याने त्याला नाव ठेवलेलं असतं, रात्री अनोळखी माणूस आला की त्याच्या भुंकण्यावर अख्खी गल्ली जागी होत असते. पण गाडीखाली त्याचा पाय गेला आणि तुम्ही त्याला पोत्यावर घेऊन रिक्षात ठेवलं, की बाकीच्यांचा त्याच्याशी संबंध संपतो. बिल तुमचं. तो मेला तर दोष तुमचा. वाचला तर ‘आता परत इथे आणू नका’ हेही तुम्हीच ऐकायचं. भटक्या कुत्र्यांच्या उपचारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या आम्हा काही जणींची तक्रार इथून सुरू होते. तक्रारी लहान लहान आहेत. एकेक सांगितली तर कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. पण त्या साठत जातात आणि त्यात जनावराचा वेळ जातो, म्हणून सांगते.

आधी निरोपांबद्दल. व्हॉट्सॲपवर फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं, ‘अर्जंट, कुत्रा जखमी, जालना रोड, प्लीज हेल्प’. जालना रोड बाबा पेट्रोल पंपापासून केंब्रिज चौकापर्यंत पसरलेला आहे. मध्ये क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल, सिडको चौक, मुकुंदवाडी. यातलं नेमकं कुठे, रस्त्याच्या कोणत्या बाजूला, किती वाजता पाहिलं, हे काही नसतं. फोटो काढणाऱ्याचा नंबर नसतो. तारीख तर कधीच नसते. त्यामुळे कुत्रा बरा होऊन गल्लीत फिरायला लागला तरी तो फोटो शहरात फिरत राहतो आणि रात्री साडेअकराला कुणीतरी कळवळून फोन करतं, ‘ताई, त्याचं काही झालं का?’ फोन करणाऱ्याचा कळवळा खरा असतो. म्हणून मी चिडत नाही, सांगते की तो बरा आहे. पण त्याच वेळी दुसरा कुठला तरी कुत्रा दुभाजकाला टेकून पडलेला असतो आणि त्याचा निरोप या जुन्या फोटोंच्या खाली दबलेला असतो.

मदत कशी मागावी याचं एक चांगलं उदाहरण मला नेहमी सांगावंसं वाटतं. जून २०२४ मध्ये रतन टाटांनी इन्स्टाग्रामवर मुंबईकरांना विनंती केली होती. त्यांच्या प्राणी रुग्णालयात सात महिन्यांचा एक कुत्रा दाखल होता, त्याला गोचीडतापाचा संशय होता आणि रक्त धोकादायक पातळीपर्यंत कमी झालं होतं. रक्त देणारा कुत्रा हवा होता. त्या निवेदनात सगळं होतं: आजार काय, गरज कशाची, रक्तदाता किती वयाचा आणि साधारण किती वजनाचा हवा, लसी झालेल्या हव्यात, अंगावर गोचीड नको. १६५ कोटी रुपये खर्चून प्राण्यांचं रुग्णालय उभं करणाऱ्या माणसालाही एका कुत्र्यासाठी लोकांपुढे यावं लागलं आणि त्यांनी ते इतक्या नीटपणे केलं. आपल्याला गल्लीचं नाव लिहिण्याचा कंटाळा का येतो, ते मला समजत नाही.

निरोपाखाली हात जोडल्याच्या खुणा येतात. वीस-पंचवीस जण हात जोडतात, कुणी रडका चेहरा पाठवतं, कुणी ‘देव बरं करो’ लिहितं. या खुणांमध्ये कामाचा एकच निरोप असतो, ‘माझ्याकडे गाडी आहे, मी पाच मिनिटांत पोचतो’, आणि तो वर सरकून दिसेनासा होतो. ज्यांना काही करता येत नसेल त्यांनी गप्प राहिलं तर ती मोठी मदत होईल. हे मी मनापासून सांगते. कुणाला दुखवायचं म्हणून नाही.

गाडी मिळणं ही वेगळी कथा. रिक्षावाले ‘सीट को खून लगता ना मॅडम’ म्हणतात, आणि ते खरंच आहे, त्यांची त्या दिवसाची कमाई त्या सीटवर असते. म्हणून घरून जुनी चादर, पोतं आणि तोंड बांधायला सुती पट्टी घेऊन निघावं. वेदनेत कुत्रा उचलणाऱ्यालाही चावतो. मग आपलीच पाळी घाटी रुग्णालयात रेबीजच्या लसीसाठी रांगेत उभं राहायची. १९६२ हा पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक आहे, पण त्यामागची फिरती पथकं मुख्यतः पशुपालकांच्या दारी गाई-म्हशींसाठी जाण्यासाठी आहेत. खडकेश्वरला सरकारी पशुवैद्यकीय चिकित्सालय आहे, तिथल्या प्रथमोपचाराने कित्येक जनावरं वाचली आहेत. पण मोडलेल्या मांडीच्या हाडात स्टीलचा पिन घालायचा असला, किंवा अपघात रात्री झाला, तर खाजगी दवाखान्याशिवाय बहुतेक वेळा इलाज नसतो.

दवाखान्यात पहिला कागद पुढे येतो, त्यावर रकाना असतो: मालकाचं नाव. ‘मालक नाही’ असं लिहिलं तर चालत नाही, कारण शस्त्रक्रियेच्या संमतीवर कुणाची तरी सही लागते. तुम्ही सही करता. त्यानंतर दवाखान्याचे फोन तुम्हालाच, आगाऊ रक्कम तुम्हीच भरायची, आणि बाहेर लोक सांगतात, ‘अहो, त्यांचाच कुत्रा आहे, कागदावर नाव आहे.’ दवाखान्यांनी त्या रकान्याशेजारी ‘आणणाऱ्याचं नाव’ असा दुसरा रकाना छापला तर एका ओळीत मोठा प्रश्न सुटेल.

आता पैशांकडे येते. एक्स-रे, रक्ततपासणी, भूल, शस्त्रक्रिया, पिन, प्रतिजैविकं, वेदनाशामक आणि दवाखान्यात राहण्याचा खर्च मिळून बिल सहज पाच आकडी होतं. डॉक्टर लुटत नाहीत. भूल देताना शेजारी माणूस उभा लागतो, यंत्रं फुकट येत नाहीत, आणि ओळखीचे डॉक्टर रस्त्यावरच्या जनावराला आपली फी बरेचदा लावतच नाहीत. तरी बिल ग्रुपवर टाकलं की ठरलेला प्रश्न येतो, ‘गावठी कुत्र्याला एवढे?’ हाड गावठी असो की विलायती, मोडल्यावर त्याला तोच पिन लागतो.

पैसे देणाऱ्यांतले बहुतेक चांगले असतात आणि थोडे देतात. ५१ रुपये, १०१ रुपये. मला याच रकमा सर्वांत मोलाच्या वाटतात, कारण त्या पुन्हा पुन्हा येतात. त्रास होतो तो आधी एक रुपया पाठवून ‘नाव बरोबर येतं का बघतो’ म्हणणाऱ्यांचा, ज्यांचा दुसरा व्यवहार कधी येतच नाही. आणि ‘एक तारखेला नक्की’ म्हणणाऱ्यांचा, ज्यांच्या भरवशावर आपण दवाखान्याला शब्द देऊन बसतो. नाही म्हणायला कुणाची हरकत नाही. नुसता होकार देऊन ठेवला की हिशेब बिघडतो.

संशयाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. कुत्र्याच्या नावाने पैसे उकळणारे आहेत. एकाच जखमेचा फोटो वेगवेगळ्या गावांच्या नावाने फिरतो. तेव्हा विचारा, कडकपणे विचारा. दवाखान्याचं नाव विचारा, कुत्र्याला पाहायला जा, पैसे थेट दवाखान्याच्या खात्यावर टाका. आम्ही स्वतःच लोकांना तसं सांगतो. पावती दवाखान्याच्या शिक्क्याची असते, ती ग्रुपवर टाकतो. आयकरातली देणगीची सवलत मात्र त्यासाठी मान्यता असलेल्या संस्थेची पावती असेल तरच मिळते, चार शेजाऱ्यांनी मिळून केलेल्या वर्गणीवर नाही. हे दरवेळी समजावून सांगावं लागतं आणि दरवेळी कुणीतरी त्यावर नाराज होतं.

सगळ्यांत जास्त लागतं ते फोटोंचं. पहिला फोटो रक्ताचा असतो, त्याला पैसे येतात. शस्त्रक्रिया झाल्याच्या फोटोला अभिनंदन येतं. त्यानंतर हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि तेवढे दिवस कुत्र्याला पिंजऱ्यात किंवा छोट्या खोलीत शांत ठेवावं लागतं. ड्रेसिंग बदलायचं, औषध खाण्यात मिसळायचं, पावसाळ्यात जखमेवर माशी बसून अळ्या पडणार नाहीत याकडे डोळा ठेवायचा. कण्याला मार बसला असेल आणि मागचे पाय गेले असतील तर लघवीही दाबून काढावी लागते, कूस बदलावी लागते, नाहीतर अंगाला जखमा पडतात. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या या शहरात त्या घाण झालेल्या चादरी धुणं ही रोजची काळजी असते. या आठवड्यांचा खर्च पहिल्या दिवसाइतकाच खरा असतो. पण स्वच्छ पांढऱ्या पट्टीच्या फोटोला पैसे येत नाहीत. एका भल्या माणसाने मला सल्ला दिला होता, ‘जुनाच फोटो टाका, रक्ताचा, लोक देतात.’ मी टाकला नाही. बरं होत असलेल्या जनावराला लोकांपुढे मरणासन्न दाखवून पैसे घेणं ही फसवणूकच आहे.

आणि कुत्रा मेला तर ग्रुप एकदम गप्प होतो. उरलेल्या पैशांचं काय करणार हे कुणी विचारत नाही, म्हणून आधीच सांगावं लागतं: उरले तर पुढच्या जनावराला. हे पहिल्याच निरोपात लिहिलेलं असेल तर नंतर वाद होत नाहीत.

‘माणसांना उपचार मिळत नाहीत आणि तुम्ही कुत्र्यांना काय घेऊन बसलात?’ हा प्रश्न मी टाळत नाही. गल्लीतल्या पोराला कुत्रा चावला की आईबापांच्या जिवाचं काय होतं ते मी पाहिलंय, आणि रेबीज झाला की माणूस जवळपास कधीच वाचत नाही हेही मला ठाऊक आहे. म्हणूनच बरा झालेला प्रत्येक कुत्रा रेबीजची लस घेऊन आणि नसबंदी करूनच परत जावा, असा आमचा आग्रह असतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत हेच आहे: नसबंदी, लस आणि त्याच जागी परत. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात तेच कायम ठेवलं, पिसाळलेले आणि हिंस्र कुत्रे वगळून. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकांसारख्या आवारांसाठी वेगळा आदेश झाला, तिथे परत सोडायचं नाही. आपण पैसे देता तेव्हा त्या कुत्र्याबरोबर गल्लीतल्या पोरांचीही काळजी घेता, हे मी प्रत्येकाला सांगते.

राग येतो तो दुसऱ्याच एका गोष्टीचा. अपघातानंतर काय करायचं हे मोटार वाहन कायद्यात आहे, पण जखमीला दवाखान्यात न्यायचं कर्तव्य माणसापुरतंच आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० रुपयांपासून ५० रुपयांपर्यंत. जनावराला मुद्दाम मारलं किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण रात्री बीड बायपासवर धडक देऊन निघून गेलेल्या गाडीचा नंबर कोण टिपणार? धडक देणाऱ्याला काहीच द्यावं लागत नाही आणि उचलणाऱ्याच्या नावावर बिल येतं. २००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी आणि तिने आजारी-जखमी प्राण्यांसाठी शुश्रूषागृह चालवायला हवं. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८० च्या दशकात एका पारशी दानशूराच्या देणगीतून उभं राहिलं आणि आजही चालू आहे. इथे वेरूळ-अजिंठा पाहायला देशोदेशीची माणसं येतात, औद्योगिक वसाहती वाढत चालल्या आहेत. या जिल्ह्याला रात्री उघडं असणारं, हाडाची शस्त्रक्रिया होणारं आणि नंतर दीड-दोन महिने जनावराला ठेवून घेणारं एक ठिकाण परवडत नाही, हे मी मान्य करणार नाही. ते झालं की आम्ही वर्गणी मागणं आनंदाने थांबवू.

तोवर एक व्यवहार तरी आपण शिकावा. कुत्रा ज्या गल्लीतला, त्या गल्लीतल्या प्रत्येक घराने त्याच्या बिलातला छोटा वाटा उचलावा. गणपतीची वर्गणी दारोदार जाऊन मागितलेली आपल्याला चालते, हीही तशीच मागावी. जिथे तरुण पोरांनी हे केलं तिथे मी पाहिलंय की पैसे लवकर जमतात, आणि मुख्य म्हणजे कुत्रा परत आला तेव्हा त्याला कुणी हाकललं नाही, कारण प्रत्येक दाराने त्याच्यासाठी काही दिलं होतं.

जिथे केलं नाही तिथे मला एका सोसायटीच्या समितीने छापील हमीपत्र पाठवलं होतं: हा कुत्रा माझा असून त्याच्या वर्तनाची संपूर्ण जबाबदारी माझी राहील. मी त्यावर सही केली नाही. उलट त्यांना लसीच्या कार्डाची प्रत, नसबंदीची पावती आणि २०२३ च्या नियमांतलं पान पाठवलं, आणि खाली लिहिलं की हा कुत्रा तुमच्या फाटकाशी राहतो, त्याच्या शेवटच्या ड्रेसिंगचे पैसे अजून बाकी आहेत, दवाखान्याचा खाते क्रमांक सोबत जोडला आहे.