परलोकाचे मुखत्यार

रामकुंडावर दशक्रियेचे पिंड मांडून, ओलेत्याने कुडकुडत सबंध कुटुंब आभाळाकडे डोळे लावून बसले आहे, नारोशंकराच्या देवळाच्या शिखरावर कावळ्यांचा दरबार भरलेला असूनही त्यांतला एकही खाली उतरावयास राजी नाही, आणि गुरुजी दुसऱ्या यजमानाच्या घाईने चुळबुळत आहेत, अशा प्रसंगी जो गृहस्थ गर्दीतून पुढे होऊन, डोळे अर्धवट मिटून, "थांबा, ते इथंच आहेत," असे म्हणतो, तो आमचा तात्या.

पंचवटीत असे तात्या आळीगणिक आढळतात. आमच्या वाट्याचे तात्या महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यामुळे त्यांच्या लेखी परलोकाचा कारभारही दफ्तर, दाखला आणि तामिली यांवरच चालतो. मृतात्मा हा अशील, तात्या त्याचे बिनपगारी मुखत्यार. आत्मा समीप आला की त्यांच्या डाव्या कानामागे गार वारा लागतो. आत्मा रुष्ट असल्यास उजव्या. पत्नीवियोगानंतर परलोकविद्येकडे वळलेले व्ही. डी. ऋषी, किंवा १९२६ साली त्या विद्येचा द्विखंडात्मक इतिहास लिहिणारे, शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉईल, यांच्याविषयी तात्यांना आदर आहे. मात्र प्लँचेट वगैरे खटाटोप ज्यांच्या कानाला वारा लागत नाही त्यांच्यासाठी, असे त्यांचे स्पष्ट मत आहे.

तात्यांचा वारा बहुधा खरा ठरतो, हे त्यांच्या निंदकांनाही नाकारता येत नाही. "धाकटीच्या लग्नात जीव अडकलाय," असे ते म्हणतात, थोरला गहिवरून हात जोडतो, आणि कावळा खरोखरच पिंडाला शिवतो. या अतींद्रिय सामर्थ्याचा उगम मला पुष्कळसा ऐहिक वाटतो. पहाटे गंगेवर (गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बहुधा परगावचा) चाललेली कुजबुज तात्या जपमाळ ओढीत ऐकतात. तीर्थोपाध्यायांच्या, पिढ्यान्‌पिढ्यांची नावे नोंदलेल्या वह्या सवडीने चाळतात. आणि आजाऱ्याच्या समाचाराला सर्वांच्या आधी जाऊन सर्वांच्या नंतर उठतात. पोटच्या मुलांना जे सांगण्याचा धीर झाला नाही, ते म्हातारा मरणापूर्वी तात्यांजवळ बोलून गेलेला असतो.

२०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा तात्या काही दिवस घाटाकडे फिरकले नाहीत. नंतर "आपण कवडी घेत नाही" असा स्वतःच निर्वाळा देऊन, तेराव्याच्या जेवणाचा त्यात समावेश होत नाही अशी पुस्ती जोडून, ते पुन्हा रुजू झाले.

त्यांचा खरा कटाक्ष दर्भाच्या कावळ्यावर. पक्षी येईचना तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववण्याची जी सोय शास्त्राने ठेवली आहे, ती म्हणजे पक्षकार गैरहजर असता दिलेला एकतर्फी निकाल, असे म्हणून त्यांनी कित्येक कुटुंबांना भर दुपारपर्यंत उपाशी ताटकळत ठेवले आहे.

गेल्या वैशाखात आळीतल्या एका आप्पांच्या दशक्रियेला मात्र निराळेच घडले. कावळा येईना. सर्वांनी तात्यांकडे पाहिले. तात्या गप्प. अखेर धाकटा मुलगा अदबीने म्हणाला, "तात्या, आप्पांच्या वहीत तुमच्या नावावर तीन हजार उसनवार दिसतात; त्यात तर नसेल ना जीव अडकला?"

तात्यांनी उजव्या कानावरून उपरणे घट्ट ओढून घेतले. "छे, छे! आज काही लागतच नाही मला," ते म्हणाले, आणि लगोलग गुरुजींकडे वळले : "अहो गुरुजी, दर्भाचा करा की! पोरांना उन्हात किती वेळ बसवाल?"